सत्तावीस खाटांचं एकच पुस्तक

प्रिय धाकट्या,

थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? सकाळचा खोकला गेला, की अजून घरादाराला तोच उठवतो? तुझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत? मुलीचं डोकं उन्हानं दुखायचं, ते थांबलं का? (तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं होतं, खरं असेल तर जावईबापूंचीही तब्येत कळव.) मुलाला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते, आता दाढी आली असेल. तुझ्या सासूबाई आहेत ना? असतील तर नमस्कार सांग. नसतील तर मला कळवायला हवं होतंस, पण ते राहू दे, मी तरी कुठे काय कळवलं.

इकडे माझं काही खरं नाही. मागच्या सोमवारी दुकानात वरच्या फळीवरचे पुठ्ठे काढायला स्टुलावर चढलो. आधी स्टूल गेलं, मग मी, आणि मागाहून सावकाश पुठ्ठ्यांचा सगळा गठ्ठा माझ्या अंगावर. उजवा हात दोन ठिकाणी मोडला आणि कोपराजवळ असा फाटला की आतलं मला दिसलं. (दिसायला नको होतं.) सरकारी इस्पितळात आहे. अक्षर चांगलं दिसतंय म्हणून शंका घेऊ नकोस, शेजारच्या खाटेवरचे बसड्रायव्हर लिहून देताहेत. त्यांचा पाय टांगलेला आहे, हात रिकामे आहेत. (हे सांगतील तेवढंच लिहितो आहे. पदरचं काही घालत नाही. – ड्रायव्हर.)

धाकट्या, सरकारी इस्पितळाला मी जन्मभर नावं ठेवली. आता ती सगळी परत घ्यायची म्हटली तर आयुष्य पुरायचं नाही. मला आणलं तेव्हा सदरा रक्तानं हाताला चिकटला होता. कुणीही टराटरा फाडला असता. पण इथल्या मोठ्या सिस्टरनी कात्री घेतली आणि बाही शिवणीवरून उसवली, म्हणाल्या, "काका, घरी गेल्यावर परत शिवता येईल." माझं हाड बाहेर डोकावतंय आणि या बाईला माझ्या सदऱ्याची काळजी! चाळीस वर्षं बायंडिंग करणाऱ्या माणसाचं तिथेच पाणी झालं. मी कोण, कुठला, कुणाच्या ओळखीचा, कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की दुखतंय का.

आता एवढ्या उपकारांची फेड कशी करावी? घात झाला तो इथेच. वॉर्डातल्या सत्तावीस रुग्णांचे केसपेपर एका फाटक्या फायलीत सुटे असायचे. पंखा लावला की उडायचे, आणि मोठ्या सिस्टर खाटांखाली वाकून गोळा करायच्या. माझ्यानं बघवेना. परवा त्यांची सुट्टी होती. तुझ्या वहिनीकडून जेवणाच्या पिशवीतून सुई, दोरा, टोचा, पुठ्ठा, कापड आणि खळ मागवली. (ती म्हणाली, "हात मोडला तरी खाज मोडली नाही." मी दुर्लक्ष केलं.) नव्या सिस्टरला वाटलं, मोठ्या सिस्टरनीच काम सांगितलंय. डाव्या हातानं मी खळ लावली, ड्रायव्हरसाहेबांनी शिवलं. ते दोरा असा खेचत होते, जणू उतारावर ब्रेक लागत नाहीये. (शिवण मजबूत झाली ती त्यामुळेच. – ड्रायव्हर.) संध्याकाळपर्यंत सत्तावीस माणसांचं एक देखणं, जाडजूड पुस्तक तयार झालं. कडा कापून सारख्या करायचा मोह आवरला, तेवढीच अक्कल शिल्लक होती.

सकाळी चार नंबरला एक्सरेला न्यायचं होतं. त्याचा कागद निघेना. शेवटी त्याच्याबरोबर स्ट्रेचरवरून अख्खं पुस्तक गेलं. तेवढ्यात अकरा नंबरला इंजेक्शन द्यायचं होतं, तर त्याचा कागद एक्सरेला. एकोणीस नंबरला घरी सोडलंय, पण त्याचा कागद पुस्तकात अडकलाय. बिचारा दोन दिवस कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलाय आणि माझ्याकडे बघतोय. खळ डाव्या हाताची, तेव्हा हिशेब राहिला नाही; ती थेट अक्षरांपर्यंत गेलीय. ओढलं तर औषधांची नावं फाटतात, पाणी लावलं तर शाई पसरते.

मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरना लेखी विचारलंय, सरकारी कागद रुग्णांच्या हाती दिले कुणी? शनिवारपर्यंत सगळे कागद सुटे आणि धड हवेत, नाहीतर त्यांच्यावर कारवाई. मी डॉक्टरांना म्हटलं, "गुन्हा माझा, मला शिक्षा करा." ते म्हणाले, "आजोबा, तुम्ही पडून राहा." आणि सिस्टर? पुस्तकाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "काम सुरेख आहे हो, काका." मग टेबलाशी जाऊन डोकं धरून बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो. त्या बाईनं इतक्या मायेनं माझा हात वाचवला आणि मी उरलेल्या हातानं तिच्या नोकरीवर खळ ओतली.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
दादा

ता. क. तू हल्ली जुन्या दप्तरांचे चिकटलेले कागद सोडवतोस असं ऐकलं. पानाला धक्का न लावता, अक्षर न मोडता. या गावात ते कुणाला येत नाही. मलाही येत नाही. शुक्रवारच्या आत ये. तुझी पातळ सुरी घेऊन ये.

ता. क. दुसरा. दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मी तुला म्हणालो होतो, "तुला फक्त उसवता येतं." त्याच दिवशी तू निघून गेलास, त्याला अकरा वर्षं झाली. ते म्हणायला नको होतं. सिस्टरचं काम नसतं तरी हे लिहायचंच होतं, हात मोडायची वाट बघत होतो म्हण. येणं जमणार नसेल तर उलट टपाली तसं कळव. नुसतं 'नाही' लिहिलंस तरी चालेल, तुझं अक्षर बघायला मिळेल.

(हे शेवटचं त्यांनी तीनदा खोडायला सांगितलं. मी खोडलेलं नाही. उत्तर लवकर धाडा. – ड्रायव्हर.)