पपांना पाठवू नकोस

वटार
१८ जानेवारी २०२५

प्रिय ॲनीताई,

येशूची कृपा तुम्हां सगळ्यांवर असो. आम्ही ठीक. वालाच्या शेंगा पाठवल्यात, त्यांच्याच पिशवीत हे पत्र आहे. जेन्सनचा चुलतभाऊ केविन नायगावला, तुमच्याच बाजूला निघालाय, त्याच्या हाती देते. मोबाईलवर लिहिलं तर आधी पपा वाचतात, मग तू. म्हणून कागद.

परवा फोनवर तू मला दगड म्हणालीस. तू भाऊजींकडे मस्कतला चाललीस, जूचंद्रचा फ्लॅट बंद होणार, मग पपांनी जायचं कुठे? माझं एवढं मोठं घर, मागे वाडी, चर्च हाकेच्या अंतरावर. सगळं बरोबर आहे तुझं. मी म्हणाले, घराला रंग काढायचाय. खोटं बोलले. रंग मे महिन्यातच झालाय, तूच तर त्याला नाक मुरडलं होतंस.

खरं कारण सांगते. एकटी बसून वाच.

आम्हाला मूल का नाही, हे तू कधी तोंडावर विचारलं नाहीस, एवढं तुझं चांगलं. बाकी गावाने सोडलं नाही. तर मूल व्हायला आधी जे लागतं, तेच आमच्यात नव्हतं. जेन्सन माझ्यावर जीव टाकतो गं, पण जवळ आला की त्याचं अंग गार पडायचं. मग भिंतीकडे तोंड. डॉक्टरांनी सगळं तपासलं, शरीर ठणठणीत. म्हणाले, पुरुषाचं हे बटण दाबल्यासारखं नसतं. मन लागतं, जागा लागते, प्रसंग लागतो. कधी तर नुसत्या भीतीने रक्त उसळतं आणि शरीर त्यालाच ओढ समजून बसतं.

मग काय, मी आपली प्रसंग घडवायला निघाले! नवे पडदे आणले. माथेरानला गेलो. पलंगावरची येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर काढून हॉलमध्ये लावली. काऽही उपयोग नाही.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी दुपारी मी खोबरं खवत होते, तेवढ्यात चर्चची मरणघंटा वाजली. ती गं, एकेक टोला थांबून थांबून पडतो ती. पलीकडच्या आळीतली म्हातारी गेली होती. मी क्रुसाची खूण केली. जेन्सन हातातला पेपर टाकून आत आला आणि त्याने माझा खोबऱ्याने माखलेला हात धरला. मला वाटलं, नऊ दिवस प्रार्थना केलेली नोव्हेना पावली.

दुसऱ्यांदाही घंटाच. तिसऱ्यांदा तो वाडीत पाणी लावत होता. केळीतून धावत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. टोले अजून पडत होते. डोळे उघडे होते त्याचे, पण माझ्याकडे बघत नव्हता, ऐकत होता. मी घाबरले. तरी त्याला थांबवलं नाही, ताई. इतक्या वर्षांनी नवरा जवळ आला होता.

नंतर तो लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "घंटा वाजली की वाटतं, तो गेला, मी आहे. तेवढ्यापुरताच अंगात जीव येतो." मी मूर्ख! मोबाईलवर घंटा रेकॉर्ड करून ठेवली आणि एकदा लावून बघितली. तो पलंगावर नुसता बसून राहिला. म्हणाला, "बंद कर. यात कोणी मेलेलं नाही."

आता माझं सांगते. घंटा वाजली की सगळं गाव दारात येतं, कोण गं गेलं, कोण गं गेलं. मी विचारत नाही. मी केस विंचरते.

नाताळाच्या आधी शेजारचे सॅन्टन अंकल अगदी शेवटाला टेकले होते. फादर येऊन शेवटचं तेल लावून गेले. मी पेज घेऊन गेले, तर अंकल उशीला टेकून तळलेले बोंबील मागतायत! सगळे हसत होते, देवाचे आभार मानत होते. आणि मला संताप आला. घरी पोचेपर्यंत मी त्या म्हाताऱ्यावर चिडलेली होते. जेन्सनने विचारलं, "कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." त्याने ताट ओढून घेतलं.

नाताळाला तुम्ही आमच्याकडे होता. तू केक कापत होतीस, पपांना ठसका लागला, थांबेचना, चेहरा लालबुंद झाला. तू पाण्याला धावलीस. मी नाही धावले. मी जेन्सनकडे बघितलं, आणि तो माझ्याकडेच बघत होता. ताई, माझे कान तापले. माझ्या बापाचा श्वास अडकलाय आणि मी... जाऊ दे, लिहवत नाही. शी! स्वतःची किळस येते मला.

काल पपांचा फोन आला. रंगाचं खोटं त्यांनी केव्हाच ओळखलंय. हसत म्हणाले, "फार दिवस नाही त्रास देणार गं. मरायला तुझ्याकडेच यायचं ठरवलंय. इथे चौथ्या मजल्यावर चर्चची घंटासुद्धा ऐकू येत नाही." आणि मी म्हणाले, "या ना, पपा." किती पटकन म्हणाले गं मी! आज सकाळी उठून बघते तर जेन्सनने मागची खोली झाडून ठेवलेली, खाट उन्हात टाकलेली.

तेव्हा त्यांना मस्कतला ने. नाहीतर सिस्टरांच्या वृद्धाश्रमात ठेव. लोकांना खुशाल सांग, ॲनिशाने बापाला दार उघडलं नाही. मी ऐकून घेईन. फक्त उद्या रविवारी मी स्वतः आले, रडले, तुझे पाय धरले, तरी त्यांना माझ्याबरोबर पाठवू नकोस. मी येणार आहे. जेन्सनने गाडी सांगून ठेवली आहे.

तुझी, आणि तू दार लावून घेतलंस तर पपांचीही,
ॲनिशा