आई, ती फक्की आता थांबव

प्रिय आई,

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. गच्चीवर उन्हात बसून हे लिहितेय. कठड्यावर पोळीचे तुकडे ठेवलेत आणि माझा एक डोळा तिकडे आहे. मराठीत एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही, शाळा सगळी हिंदीत झाली. हसायचं तर हसून घे. पण पत्र शेवटपर्यंत वाच, कारण यातलं काम तुझ्याशिवाय कुणाच्यानं होणार नाही.

बाबांना तुझी फक्की बाधतेय.

तुला हे आवडणार नाही, माहितीय मला. सुंठ, मिरी, लेंडी पिंपळी. खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून गाळायची, सकाळी चिमूटभर तोंडात टाकून वर कोमट पाणी. बाबांची बदली जिथे जिथे झाली तिथल्या प्रत्येक क्वार्टरच्या आजूबाजूला तुझ्या फक्कीच्या पुड्या गेल्या. कुणाला खोकला झाला की तू हजर. जयपूरला आलो, बाबा रिटायर झाले, वैशाली नगरात घर घेतलं, तर महिनाभरात जडीबुटी विकणारा पंसारी तुला हाका मारायला लागला, "बहनजी, छोटी पीपल बढ़िया आई है." मी त्या वासात वाढले. अजूनही स्वयंपाकघरात शिरले की आधी घशाला तो वास लागतो.

घरात फक्की न घेणारा माणूस एकच होता, बाबा. "म्या फौजी हाय, मला काय झालंय?" असं म्हणून ते फक्त आपली गोळी घ्यायचे. डोंगरात गाडी उलटून डोक्याला मार लागला, तेव्हापासूनची ती आकडीची गोळी. ती त्यांनी एक दिवस चुकवली नाही आणि आकडी पुन्हा आली नाही. तू मात्र पिच्छा सोडला नाहीस. दर हिवाळ्यात डबी त्यांच्यापुढे सरकवायचीस आणि ते ती तितक्याच शांतपणे परत सरकवायचे.

मी जगतपुऱ्याच्या कॉलेजात लॅबमध्ये याच फक्कीवर काम सुरू केलं, तेव्हा तू अख्ख्या गल्लीत सांगून आलीस, "माझी फक्की कॉलेजात गेली." रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत तुझा प्रश्न असायचा, काय म्हणते माझी फक्की? उंदरांना आवडते का गं? मी म्हणायचे, आई, उंदरांना कोणी विचारत नाही. त्यावर तुला त्यांची दया यायची.

आणि मग मी तुला एकदा नीट समजावलं होतं, आठवतं? तू भाजी निवडत होतीस. मी म्हटलं, वैद्य सांगतात ते खरं आहे, पिंपळी दुसऱ्या औषधाला हात धरून आत नेते. औषध रक्तात जास्त उतरतं आणि जास्त वेळ राहतं, कारण यकृत ते लवकर मोडू शकत नाही. तुझा चेहरा असा काही फुलला. "म्हणजे बळ वाढवते!" मी म्हटलं, हो, पण काही औषधांचं बळ वाढलं की तेच विष होतं. बाबांची गोळी तसली आहे. तिच्यात पुरेसं आणि जास्त यांच्यामध्ये फार जागा नसते. तू म्हणालीस, "ते कुठं घेतात माझी फक्की!" आणि कमलाजींना सांगायला शेजारी निघून गेलीस. त्यांना तू फक्त बळ वाढवते एवढंच सांगितलंस, हे मला नंतर कळलं.

म्हणून मला विचारायचंय, आई. दहाव्याला तू त्याच शब्दाला का शिवलीस?

त्या दिवशीचं तुला सांगायला नको, तू तिथेच होतीस. पिंड ठेवून आम्ही बाजूला झालो. कावळा येईना. जयपुरात जिकडे बघावं तिकडे कबुतरं, कावळा शोधावा लागतो. गुरुजी म्हणाले, मनात काही राहिलं असेल, बोला. मी म्हटलं, बाबांना सांभाळीन. कावळा नाही. पुण्याहून आलेल्या मावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, अर्चूला अंतर देणार नाही. नाहीच. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, दर्भाच्या काड्या त्यांच्या हातात होत्या, आणि बाबा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "तुझी फक्की बंद पडू देणार न्हाई. मी सोता घेईन. रोज घेईन, गोळीबरोबरच घेईन, म्हंजी इसरायचा न्हाई." त्यांचं बोलणं संपतंय तोवर कावळा भिंतीवरून उतरला आणि पिंडाला चोच लावली. सगळ्यांनी डोळे पुसले. मी मात्र मनात गोळी आणि पिंपळी शेजारी शेजारी ठेवून पाहत होते.

लॅबमधला माणूस हे योगायोग म्हणून सोडून देतो. मीही तेच म्हटलं, स्वतःला आणि बाबांना. पण इतकी वर्षं जे तू हट्टानं त्यांच्या गळी उतरवू शकली नाहीस, ते मेल्यावर एका क्षणात उतरवलंस. रागावू नकोस. कधी कधी मला वाटतं, तुला तिथे एकटीला करमत नाही आणि तू त्यांना बोलावून घेतेयस. असं असेल तर तसं सांग. मी भांडेन तुझ्याशी, पण निदान कळेल तरी.

सुरुवातीला ठीक होतं. तुझीच जुनी डबी होती, बाबाही तुझ्यासारखी चिमूटच घ्यायचे. मी त्यांना गोळी आणि फक्कीत अंतर ठेवायला सांगितलं, ते मान हलवायचे आणि दोन्ही एकदमच घ्यायचे. मी रक्त तपासून आणलं, सगळं जागच्या जागी होतं. मीही निवांत झाले.

दिवाळीनंतर तुझी डबी संपली. बाबा एकटेच पंसाऱ्याकडे गेले आणि खलबत्ता घेऊन बसले. माप कोणाला विचारणार? "हात आखडता नको," म्हणत त्यांनी निम्मी पिंपळीच घातली. चिमूट गेली आणि चमचा आला, तोही शीग लावून. म्हणतात, तुझ्या आईला किती आनंद होईल. तुझा खलबत्ता वाजताना ऐकून मी खोलीतून पळत बाहेर आले होते, मला वाटलं तूच आलीस.

मग एकेक सुरू झालं. आधी ते जिना उतरताना भिंतीला हात लावायला लागले. दाढी करताना गालावर कापून घेतलं. बाबांनी कधी कापून घेतलेलं पाहिलंयस तू? एका पायातली चप्पल निघून मागे पडायची आणि हे तसेच पुढे चालत. बोलताना शब्द जड, ओले. परवा कमलाजींनी मला गेटपाशी गाठलं आणि हळूच विचारलं, "बेटा, अंकलजी ने पीना तो शुरू नहीं कर दिया? भाभीजी के जाने का ग़म है, समझ सकते हैं." मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, मतलब विश्वास बसला नाही. ज्या माणसानं मेसमधली रम आयुष्यभर दुसऱ्यांना वाटून टाकली, त्याच्याबद्दल आता गल्ली हे बोलते.

पण मला खरी भीती वाटली ती त्यांचे डोळे पाहून. पेपर वाचताना बुबुळं कडेला जाऊन थरथरतात. हे मी पुस्तकात वाचलेलं आहे आणि औषध जास्त झालं की उंदरांची पावलं फाकतात तेही पाहिलेलं आहे. आपल्या घरातल्या खुर्चीवर हे बसलेलं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

रक्त तपासलं, गोळी फार वर चढली होती. डॉक्टर म्हणाले, "ये चूरन आज से बंद, वरना किसी दिन गिरेंगे और उठेंगे नहीं." मी विचारलं, गोळीच कमी केली तर? ते म्हणाले, कमी करतो, पण चूर्णाचं प्रमाण रोज वेगळं असेल तर कशाच्या हिशोबानं करू? खरंच आहे. एक दिवस शीग, एक दिवस सपाट, एक दिवस मन भरून आलं तर दोन चमचे. उंदरांना मी वजन करून देते. बाबांना तुझी किती आठवण येते त्याचं वजन कसं करू?

घरी परतलो तेव्हा बाबांनी चपलाही काढल्या नाहीत. दारात म्हणाले, "दोन्ही चालत न्हाईत नव्हं? मग गोळी बंद." दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालताना मला कुंडीतल्या मातीत ती गोळी सापडली, पांढरी, अर्धी विरघळलेली. ती अशी एकाएकी तोडली तर काय होईल ते मला माहिती आहे, आई. आकडी येईल आणि थांबणार नाही.  मी त्यांच्या पाया पडले, म्हटलं गोळी घ्या, मी फक्कीचं नाव काढणार नाही. तेव्हापासून रोज सकाळी मी समोर बसते आणि ते माझ्याकडे बघत दोन्ही घेतात.

मी फसवूनही पाहिलं. पिंपळी नको आणि मिरीही नको, तिच्यातही तेच बळ वाढवणारं द्रव्य असतं, म्हणून नुसती सुंठ कुटून तुझ्या डबीत भरली. त्यांनी जिभेवर ठेवली आणि थांबले. "ही तिची न्हाई." मग माझ्याकडे पाहिलं. "तिला फसवतीस व्हय गं?" ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्वतःच डबी घेऊन हळूहळू भिंत धरत पंसाऱ्याकडे निघाले, आणि मी त्यांच्या मागे, पडले तर धरायला.

शेवटी मी गुरुजींना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाले, शब्द जिला दिला तिनं मोकळं केलं तर मोकळं होता येतं. बाबा म्हणाले, "ठीक. वर्षश्राद्धाला मी तिला इचारतो. पान शिवली तर सोडतो, न्हाई शिवली तर चालू." गुरुजी म्हणाले, नाही आला तर आपला दर्भाचा कावळा आहेच. त्यावर बाबांनी मान हलवली. "गवताचा चालायचा न्हाई. मागल्या खेपेला खराच आला व्हता."

तर उद्याचं हे असं आहे.

म्हणून मी रजा टाकून गच्चीवर बसतेय. पीएचडी झालेली बाई पोळी हातात धरून काव काव करते, बघ काय दिवस आणलास. कबुतरं सगळी पोळी संपवतात. समोरच्या सिंटेक्सच्या टाकीवर एक कावळा रोज येतो, मान तिरकी करून माझ्याकडे बघतो आणि निघून जातो. आजही आला होता. तू होतीस का? असशील तर जवळ का नाही आलीस? पोळीला तूपसुद्धा लावलंय.

फक्की वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. तुझं सगळं खरं होतं, ती बळ देते. पण ती कुणाला काय देते हे तू विचारायची नाहीस, तुला फक्त द्यायचं असायचं. आता एकदा विचार. फक्त या एका माणसाच्या बाबतीत.

आणि फक्की बंद पडेल म्हणून तू अडून बसली असशील, तर ऐक. मला कसलीही गोळी नाही. तुझी फक्की मी करीन, तुझ्याच मापानं, तुझ्याच खलबत्त्यात, आणि रोज सकाळी चिमूटभर मी घेईन. मी आहे तोवर ती बंद पडणार नाही. बाबांनी दिलेला शब्द तू माझ्या नावावर कर. हे मी उद्या पानासमोर मोठ्यानं बोलेन, पण तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे उद्या विचार करत बसू नकोस.

बाबा उद्या श्राद्ध होईपर्यंत उपाशी राहणार आहेत. गोळीही त्यानंतरच. आत्ता खाली त्यांचा आवाज येतोय, पानाची जागा पुसून घेतायत. शेजारी पाट मांडलाय, पाटावर पाण्याचा पेला, गोळी आणि नव्यानं कुटलेल्या फक्कीची डबी. चमचाही काढून ठेवलाय, मोठा.

उशीर करू नकोस, आई.

तुझी,
अर्चू