कोरा वाफा

अहो,

मनापासून नमस्कार. मी ठणठणीत आहे, काळजी करू नका. वसतिगृहातल्या मुली मला मावशी म्हणतात आणि वर्गात माझी जागा धरून ठेवतात. गुडघाही बरा आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहेत, एवढंच.

तुम्ही वेळेवर जेवता ना? गाय दूध देते की रुसलीय माझ्यावर?

इथे कृषी महाविद्यालयात सत्र सुरू झालं की प्रत्येकाला एक वाफा देतात. आम्ही सगळ्यांनी एकाच दिवशी मुळा पेरला. बाकीच्यांचे वाफे हिरवे झाले, माझा तेवढा कोरा. आपल्याकडे माती वरून लगेच सुकते, म्हणून सवयीने मी बी बोटाची दोन पेरं खोल घातलं. इथे रोज पाणी मिळतं, उथळच पेरायचं होतं. सर म्हणाले, "मावशी, सोमवारी पाहणी आहे. उगवलं नाही तर प्रात्यक्षिकात नापास." मुली म्हणतात, "आमची चार रोपं गुपचूप लावून देऊ का?" हसण्यावारी नेलं, पण रोज उठल्यावर आधी वाफ्याकडेच जाते. "या वयात कॉलेज?" म्हणणाऱ्या जाऊबाईंना यातलं काही बोलू नका हं.

आज वाफ्याच्या एका कोपऱ्यात माती किंचित फुगल्यासारखी दिसतेय. बोटं नुसती शिवशिवतायत. तुम्ही असता तर केव्हाच उकरून पाहिलं असतंत आणि मी ओरडले असते. इथे माझ्यावर ओरडायला कुणी नाही, म्हणून बोटांना काम दिलं आणि वाफ्याशेजारी बसून हे पत्र लिहिलं.

तुमचीच,
हात आवरून बसलेली