डोंगराची ग्रामसभा

घाटकुही, २ फेब्रुवारी २०२४

ती. देवाजीभाऊस,
वच्छलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इथी रेंज नाई, म्हणून पोस्टाचंच बरं. गावचा डोंगर कोळशाच्या खाणीले द्याचा का नाई, त्याची ग्रामसभा पंचवीस तारखेले आहे. तुहं नाव अजून इथल्याच यादीत आहे, तवा खाणवाले तुले गाडीनं आणतील हे मले ठाऊक आहे.

भाऊ, त्या डोंगरावर आपली मोहाची चार झाडं आहेत. बाबानं दोन तुले दिली, दोन मले. तुह्या झाडांखालचा पाला मीच झाडते, मोहा मीच वेचते. मी सभेत बोलणार आहे, भेव वाटते म्हणून रोज मोहाखाली उभी राहून बोलून पाह्यते. जंगलातल्या गार्डानं कुऱ्हाडीपाई बाबाले अर्धा दिवस उभं ठेवलं होतं, आठवते ना? तवापासून मले वाटते, जंगल आपल्याच हाती पाहिजे. मंग कोणी कुऱ्हाड हिसकणार नाई.

वैनीचे गुडघे कसे आहेत? रागावला तरी माया कमी करू नको.
तुही बहीण,
वच्छला


राजुरा, १० फेब्रुवारी

चि. सौ. वच्छलास अनेक आशीर्वाद.

गुडघे तसेच. माहा खोकलाही तसाच.

आठवते काऊन नाई? मी बाबाच्या बाजूलेच उभा होतो. त्याईचे हात जोडलेले, मान खाली. तवाच ठरवलं, ज्या जंगलापाई हात जोडा लागतात ते आपल्याले नको. एकतीस वर्सं कोळशात काढली, पण कोणापुढं हात जोडले नाई. युनियन होती. सायेब ओरडला की आमी काम बंद.

प्रणित बी.ए. होऊन दोन वर्सं घरी बसला आहे. खाणवाले घरामागं एक नोकरी देऊन राह्यले. मी माह्या पोरासाठी हात वर करीन. तू बोल, घाबरू नको, पण मले वळवाले पाहू नको. लय थकलो आता, वच्छे.

घरच्या साऱ्याईले आठवण सांगजो.
तुहा भाऊ,
देवाजी


घाटकुही, २८ फेब्रुवारी

ती. भाऊस सा. नमस्कार.

तू न जेवताच गाडीत बसला. तुह्यासाठी केलेली वांग्याची भाजी तशीच राह्यली.

मी दोन वाक्यं बोलली नाई तोच सभा चालवणाऱ्या सायबानं मले खाली बसाले सांगतलं, म्हणे वेळ नाई. मी बसाले वाकलीच होती. तेवढ्यात मागून तुहा आवाज आला, का बाईचं बोलणं पुरं होऊ द्या, मंग हात मोजा, आमच्या युनियनात असंच होतं. मंग बाबाचं, कुऱ्हाडीचं, सारंच तोंडातून निघालं. शेजारची गुणाबाई खाणीकडून होती, तिनंही पदर डोळ्याले लावला अन् हात वर केलाच नाई. डोंगर द्याचा ठराव अकरा हातांनी पडला.

तुहा हात मात्र शेवटपर्यंत वरच होता. भाऊ, मले जिंकल्यासारखं काईच वाटून नाई राह्यलं. प्रणित काय म्हणते?

मोहा पडला की पाठवते. अबोला धरू नको.
वच्छला


राजुरा, ९ मार्च

चि. सौ. वच्छलास आशीर्वाद.

प्रणित माह्याशी बोलत नाई. त्याचं म्हणणं, आत्या तर बसलीच होती, तुमाले मधात उठाचं काय पडलं होतं? खरं आहे पोराचं. मी चूप राह्यलो असतो तर त्याची नोकरी लागली असती. तुही वैनीही ताट ठेवते अन् निघून जाते.

पण सायबानं बस म्हटलं अन् तू वाकली, तवा मले बाबाच दिसले. मी कवा उठलो, मलेच समजलं नाई.

हातही मनातूनच वर केला होता, त्याचा राग धरू नको. तुह्या बाजूच्या सिंदेवाहीच्या धान खरेदी केंद्रात प्रणितसाठी काई काम असलं तर विचारून पाह्य.

खाणवाले पुन्हा ठराव आणतील म्हणतात. आणला तर मी पुन्हा खाणीकडूनच हात वर करीन. तू बोलाले उभी राह्य. मी आहो तवरी तुले कोणी खाली बसवणार नाई.

तुहा थकलेला भाऊ,
देवाजी