सरूबाईंची तबकडी

१६ ऑक्टोबर २००६
आज सकाळी बुद्धवंदना झाल्यावर बायकोच्या, कांताच्या, शिलाई मशीनची सुई काढली, घासून बारीक केली आणि जुन्या फोनोत, म्हणजे ग्रामोफोनमध्ये, बसवली. चालली! तबकडीवर कांताची आजी गायली. तरुणपणी ती तंबूतल्या नाटक कंपनीत होती. गाणे संपल्यावर, त्या काळच्या रीतीप्रमाणे, तिने आपले नाव सांगितले : मी सरूबाई वणीकर. आईविना कांता या आजीच्याच मांडीवर वाढली. आजीचा आवाज आता एवढाच उरला आहे.
संकल्प : रविवारी मारेगावला तिच्या भावाकडे जायचे, कांताला ऐकवायची, तिला घेऊन यायचे.

१७ ऑक्टोबर
पुन्हा वाजवली. टेस्टिंग आवश्यक.
कांता भावाकडे गेली ती काही रागावून नव्हे. कापसाची जिनिंग मिल बंद पडून नोकरी गेल्यावर मी दोन महिने डबा घेऊन निघायचो आणि बसस्टँडवर बसायचो. तिला कोणीतरी सांगितले. पण मी खोटे बोललो नाही. तिने विचारलेच नव्हते. शील शाबूत.

२२ ऑक्टोबर, रविवार
गेलो नाही. स्प्रिंग कमजोर वाटते. मेकॅनिक मुख्तारभाईंना दाखवली. म्हणाले, "भाऊ, स्प्रिंग झकास हाये. सुई फेका. एका सुईनं एकच बाजू वाजवा, नाही तं आवाज खरडून जाते. हे सुई हाये का नांगर?"
सुया विकणाऱ्या कंपन्यांनी पसरवलेली गोष्ट.

२९ ऑक्टोबर
शेजारी कांताचा फोन आला. "आजीले कधी आणता?" म्हणाली. घरी येण्याबद्दल काही बोलली नाही. म्हणजे ते ठरलेलेच असणार. पौर्णिमेला येतो म्हणालो.
हल्ली संध्याकाळीही वाजवतो. घरात बाईमाणसाचा आवाज असला की दिवा लावावासा वाटतो. यात तृष्णा नाही. टेस्टिंग आहे.

२ नोव्हेंबर
मुख्तारभाईंना ऐकवली. म्हणाले, "गाणं कुठी हाये? कोनी भजे तळून राह्यलं." शेवटचे नाव तर त्यांना आलेच नाही. मला स्पष्ट येते. त्यांचे कान तपासायला हवेत.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
गेलो. कांताने फोनोला कान लावला. सुरुवातीला आजी थोडी आली, मग खरखर. मी म्हणालो, थांब, आता नाव येते. आणि मीच म्हणून दाखवले.
"तुमी नोका बोलू," म्हणाली. शेवटपर्यंत ऐकले. खरखरच. मग विचारले, "किती डाव वाजवली?"
एक-दोनदा, म्हणणार होतो. रोज, म्हणालो. सकाळ-संध्याकाळ. करमत नव्हते.
बराच वेळ ती तबकडीवरून बोट फिरवत राहिली. "करमत नव्हतं तं यायचं होतं. मी तं इथंच होती."
घरी चल म्हणायचे होते. चहा आला, तो प्यायलो.
तबकडी तिची. ठरवल्याप्रमाणे तिच्या हाती दिली आणि शेवटच्या बसने परत आलो.