भुताच्या चष्म्याला काच नव्हती

तीर्थरूप आत्याच्या चरणी भिंगूचा साष्टांग नमस्कार. (घातला खुर्चीत बसूनच, कारण कंबर धरली आहे, पण भावनेत तसूभरही कमी नाही.) तुझी तब्येत कशी आहे? बोक्याचा कान बरा झाला का? आता तू म्हणशील, फोन असताना या मुलाला पत्राचे डोहाळे कुठून लागले? अगं, मी फोनवर तुला एक ओळ लिहिली तर त्या ओळीचं काय झालं ते आपण दोघांनीही बघितलं. तेव्हा या खेपेला सगळं पहिल्यापासून, पूर्णविरामांसकट लिहितो. शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून कुणाला फोन करू नकोस, तुला बोक्याची शपथ.

‘तळघरातलं बिऱ्हाड’ ही मालिका तुला आठवत असेलच. घरातली माणसं वर राहतात, भुतांचं कुटुंब खाली तळघरात, आणि दर भागात खालचं कुणीतरी वर काहीतरी उसनं मागायला येतं. तीच मी परत पहिल्यापासून लावली होती. एका रविवारी संध्याकाळी सुरुवातीचं संगीत वाजायला आणि दारावर टकटक व्हायला एकच गाठ पडली. दचकलोच! (दचकलो म्हणजे उशी तोंडावर घेतली. तुझ्यापासून काय लपवायचं?) दारात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. त्याच, जनावरांच्या डॉक्टर, ज्यांचा नंबर मी तुला बोक्याच्या कानासाठी दिला होता. मला वाटलं आवाज कमी करा म्हणायला आल्या. तर त्यांनी विचारलं, हे ते उसनं मागणाऱ्या भुतांचंच ना? आणि चपला काढून सरळ आत येऊन बसल्या.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही एकेक भाग बघतो आणि दहापैकी गुण देतो. गुण देण्याची कल्पना त्यांची. भांडण्याची कल्पना दोघांची. कारण बाई सगळी मालिका सोडून त्यातल्या कुत्र्याकडे बघतात! आजीचं भूत बाळाला जोजवतं तो भाग आठव. तू फोनवर हुंदके देत होतीस, मी इकडे नाक पुसत होतो. त्या भागाला बाईंनी दिले तीन. का? तर म्हणे कुत्रा भुताला घाबरलेला दाखवलाय, पण तो घाबरलेला नाही, त्याचा कान दुखतोय, आणि एवढ्या माणसांत एकालाही ते दिसू नये? मी दिले होते नऊ, कारण आजीच्या चष्म्यात जवळचं आणि लांबचं असं दोन्ही नंबरांचं खरंखुरं भिंग होतं. आता तूच सांग, आयुष्यभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासणाऱ्या माणसाने दुसरं काय बघायचं? उलट कारकुनाचं भूत चष्मा काढून रडतं तो भाग बाईंना भारी आवडला, कारण कुत्रा जवळ जाऊन आधी नीट वास घेतो आणि मग शेपूट हलवतो. मी दोनच दिले. त्या चष्म्याला काच नव्हती, आत्या! नुसती फ्रेम! भूत झालं म्हणून काय माणसाचा नंबर जातो? बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, पाणी आणून द्यावं लागलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तर अशी मजा चालली असताना माझ्या लक्षात आलं की आता एकच भाग उरलाय. शेवटचा. तो संपला की बाईंना खाली यायचं कारणच संपलं. मग मी जुने भाग ‘फेरतपासणी’ला काढले. म्हटलं, आपल्या गुणांत फार तफावत आहे, एवढ्या तफावतीवर शेवटचा भाग बघणं बरं दिसत नाही. त्या माझ्याकडे बघून बरं म्हणाल्या. याच घोळात मी तुला ती ओळ पाठवली: ‘डॉक्टरीणबाईंचे आणि माझे गुण काही केल्या जुळत नाहीत, काय करू?’

मालिकेचे गुण, आत्या. मालिकेचे!

पण तू माझ्यासाठी स्थळं बघून बघून थकलेली. तू कसली थांबतेस! थेट त्यांना फोन, आणि मला नुसतं ‘बोलले मी त्यांच्याशी’ एवढंच कळवलंस. त्याच रविवारी त्या खाली आल्या नाहीत. मी फेरतपासणीचा भाग लावून, थांबवून, वाट बघत बसलो. पडद्यावर भुताने आ वासलेला, समोर मी आ वासलेला. जिन्यावर पाऊल वाजलं की आम्ही दोघं दाराकडे बघायचो. त्या काही आल्या नाहीत. मला वाटलं, संपलं सगळं, बाई दुखावल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिंप्याचं मांजर उसनं घेतलं आणि गेलो दवाखान्यात. (हातात जनावर नसेल तर तिथे रांगेत बसू देत नाहीत. मांजराने वाटेत माझ्या सदऱ्याच्या बाहीचं जे केलं ते शिंप्यालाही शिवता आलं नाही.) नंबर आला, बाईंनी विचारलं, काय होतंय? मी म्हणालो, जेवण जात नाही, झोप नाही, कशात लक्ष लागत नाही. त्यांनी मांजराकडे बघितलं. ते टेबलावरचा कापसाचा बोळा खात होतं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “हे सगळं मांजराला होतंय ना?”

रविवारी एका घोडीचं बाळंतपण अडलं होतं, म्हणून त्या आल्या नव्हत्या. एवढंच! माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी मांजराचे दात बघत बघत तुझ्या फोनचं सांगितलं. तू म्हणालीस, गुण थोडे कमी-जास्त चालतात, माणूस बघावा. आणि त्यांनी तुला उत्तर दिलं, माणूस चांगलाच आहे हो, पण चष्म्यापलीकडे काही बघत नाही. आता हे त्या मालिकेबद्दल बोलल्या की कशाबद्दल? चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मांजर निरोगी आहे, म्हणाल्या, आणि पुढच्याला आत बोलावलं. तेव्हापासून मी विचार करतोय आणि डोकं काही चालत नाही. पण खरं सांगू? आशा वाटते आहे. खूप वाटते आहे.

तुझा लाडका,
भिंगू

ता. क. : कृपा करून त्यांना पुन्हा फोन करू नकोस.

ता. क. २ : फोन करू नकोस म्हणजे तू स्वतः ये. येत्या रविवारी. शेवटचा भाग आता आणखी लांबवता येत नाही, बाईंनी काल स्वतःच आठवण करून दिली. तो संपला की माझ्या वतीने तूच विचार. मला जमणार नाही, मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं की भिंगांवरच बोलतो. टपालपेटी त्यांच्या दवाखान्याशेजारीच आहे म्हणून पत्र त्यांच्याच हाती देतोय. घाबरू नकोस, पाकीट घट्ट चिकटवणार आहे.

ता. क. ३ : आत्याबाईंना नमस्कार. अक्षर बदललंय ते माझं, वरच्या मजल्यावरचं. यांनी पाकिटाला डिंकाऐवजी काचा पुसायचं पाणी लावलं होतं, ते माझ्या हातातच उघडलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, तरी सगळं वाचलं, दोनदा. रविवारी तुम्ही जरूर या आणि विचारा. माझा होकार आहे, कधीचाच आहे. फक्त तुम्ही येईपर्यंत यांना सांगू नका. परवा ‘मालिका संपली तरी मी खाली येत जाईन’ असं मी यांना स्पष्ट सांगितलं, तर यांनी घाईघाईने टीव्हीचा आवाज कमी केला.