औरंगपुऱ्यातलं पर्यावरणपूरक घर

४ ऑक्टोबर २०१५
औरंगपुऱ्यातलं आमचं सिमेंटचं घर पाडायला घेतलं. जागेवर माती-चुन्याचं पर्यावरणपूरक घर उभं राहणार. पंखासुद्धा लागणार नाही. गल्ली बघायला जमली. सिमेंटी माणसं. यांना फक्त पार्किंग कळतं. समोरचे साहेबराव, करमाडची जमीन विकून चार मजले चढवलेले गृहस्थ, म्हणाले, “श्रीरंगराव, माती मळायला लई पाणी लागतं. दुष्काळ हाय.” अडाणी. नुसता हसलो.

१९ नोव्हेंबर
टँकर मागवला. टँकर म्हणजे पर्यावरणाचा खून, हे माझं मत कायम आहे. म्हणून मागच्या गल्लीत उभा केला.

११ जानेवारी २०१६
वास्तुशांत झाली. चुन्यात परंपरेप्रमाणे गूळ घातला होता. भिंतीवर मुंगळे आलेत. चारुता बायको म्हणून चांगली आहे, पण दृष्टी नाही. तिला ते मुंगळे वाटतात. ही जैवविविधता आहे.

२ फेब्रुवारी
कोरडा संडास सुरू. पाणी शून्य, वरून राख टाकायची. चारुता पहाटेच साहेबरावांकडे जाते. वहिनींशी बोलायला, म्हणते. इतक्या सकाळी कसलं बोलणं? बायकांना वेळेची किंमत नसते.

८ मार्च
सावनीची दहावी. लेकीनं मातीच्या गारव्यात अभ्यास करावा, हा माझा आग्रह. गारवा आहेच, साहेबरावांची इमारत वारा अडवते इतकंच. आज वाचता वाचता तिला घेरी आली. चारुतानं दप्तर उचललं, सावनीचा हात धरला आणि समोर गेली. परीक्षा संपेपर्यंत दोघी तिथंच. अशानंच पिढ्या नाजूक होतात.
वरण करपलं. तसंच खाल्लं.

२४ एप्रिल
परीक्षा केव्हाच संपली. दोघी समोरच. चारुतानं साहेबरावांचा वरचा मजला भाड्यानं घेतलाय, हे मला दूधवाल्याकडून कळलं. जाब विचारला. म्हणाली, तुमच्या घराला माझा विरोध नाही, तुम्ही राहा.

१५ मे
कॉलेजची मुलं घर बघायला आली. चला, शेवटी कुणीतरी जाणकार. थोड्याच वेळात त्यांच्या मॅडम घामानं बेजार. साहेबराव म्हणाले, “लेकरं लालबुंद झाली. माझ्या हॉलमधी बसवा.” तिथं एसीखाली उभं राहून नैसर्गिक गारव्यावर बोललो. उत्तम झालं. एका मुलीनं विचारलं, सर, घरात अजून कोण कोण राहतं? तेवढ्यात सावनी पाण्याचे ग्लास घेऊन आली. सगळ्यांना दिले. मलाही दिला, पाहुण्याला देतात तसा.

२० मे
वरच्या मजल्यावर आलो. तात्पुरता. वास्तूचं लांबून निरीक्षण करणं आवश्यकच असतं. खिडकीतून सगळं दिसतं. माळवद, झरोके, मातीचा रंग. सुंदर बांधलंय. या गल्लीची तेवढी लायकी नाही. बराच वेळ बघत उभा होतो.
चारुता म्हणाली, “खिडकी लावा. एसी चालू आहे.”
लावली.